घोडा का अडला?

भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, ह्या तिन्ही प्रश्नांस मिळून एकच उत्तर द्यावयाचे, असे एक जुने कोडे आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकले असेल. उत्तर अर्थातच, 'न फिरवल्यामुळे'. तव्यावरची भाकरी, करंडीतले पान आणि पागेतला घोडा ह्या तिघांस एका क्रियापदाच्या दाव्याने बांधणाऱ्या त्या अनामिक कोडेकाराच्या बुद्धीचे आम्हांस लहानपणी फार कौतुक वाटे, आणि आजही वाटते. परंतु पुढे घोड्यांविषयीचे चार ग्रंथ वाचनात आले, तसतसे तिसऱ्या प्रश्नाचे हे उत्तर आम्हांस अपुरे वाटू लागले. भाकरी उलथली नाही की करपते आणि पाने उलटसुलट केली नाहीत की सडतात, ह्यात वाद नाही. भाकरीस आणि पानास मन नसते. घोड्यास ते असते. तेव्हा घोडा अडला म्हणजे त्याच्या मनात काय चालले होते, हा प्रश्न त्या कोड्याने सोडविलेला नसून टाळलेला आहे.

घोड्याच्या अडण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. आम्हांस येथे एकाच प्रकाराविषयी लिहावयाचे आहे. तो म्हणजे आपले ठाण सोडून बाहेर पडण्यास नाखूश असलेला घोडा. खोगीर घालीपर्यंत तो गरीब असतो. पागेच्या दारातून निघताना त्याचे पाय जड होतात. दहा पावलांवर तो मान वळवून मागे पाहतो. नाक्यापर्यंत कसाबसा येतो आणि तेथे कोणी अदृश्य भिंत उभी केली असावी त्याप्रमाणे थांबतो. टाच मारली तर मागे सरकतो, चाबूक मारला तर गिरकी घेतो, आणि प्रसंग वाढलाच तर मागल्या पायांवर उभा राहतो. मात्र स्वाराने हार मानून त्याचे तोंड घराकडे वळविले, की हाच घोडा वाऱ्यासारखा सुटतो. लंगडा नाही, थकलेला नाही, रस्ता ओळखीचा आहे. मग हा अडतो का?

आपल्या भाषेने ह्या जनावरास एक नाव देऊन ठेविले आहे, आणि तेच नाव ती माणसांसही सढळ हाताने लावते. ते नाव 'अडेलतट्टू'. ह्या शब्दाची गंमत अशी की, तो उच्चारताच पुढची चौकशी संपते. तट्टू अडते, कारण ते अडेल आहे. आणि ते अडेल कशावरून, तर ते अडते. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांस ज्या दोषापासून सावध राहावयास सांगतो, तोच दोष एका शब्दात सामावलेला आहे. त्यातच 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण जोडीला आली, म्हणजे प्रतिवादीस बोलण्यास जागाच उरत नाही. घोड्यांच्या बाबतीत ही म्हण नुसती बोलण्यापुरती नव्हती. अडेल ठरलेल्या घोड्याची किंमत उतरे. तो स्वारीतून छकड्याकडे, छकड्यातून ओझ्याकडे, आणि ओझ्याकडूनही गेला म्हणजे खाटकाकडे किंवा उकिरड्यावर जाई. म्हणीचा उत्तरार्ध अशा रीतीने माणसेच खरा करून दाखवीत.

ह्या निकालाविरुद्ध पहिला लेखी आक्षेप आमच्या माहितीत एका ग्रीक गृहस्थाचा आहे, आणि तो सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा आहे. झेनोफन हा सॉक्रेटिसाच्या सहवासात वाढलेला आणि पुढे शिपाईगिरी पत्करलेला ग्रंथकार. इराणच्या राजपुत्राच्या बाजूने इ. स. पूर्वी ४०१ मध्ये लढावयास गेलेले ग्रीक सैन्य सेनानायकांच्या हत्येनंतर शत्रूच्या मुलखातून परत आणण्यात त्याचा मोठा वाटा होता. उतारवयात त्याने अश्वारोहणावर एक लहानसा ग्रंथ लिहिला. वाचकांनी एवढे ध्यानात घ्यावे की, त्या काळच्या ग्रीकांस रिकीब ठाऊक नव्हती आणि लाकडी सांगाड्याचे खोगीरही नव्हते. घोड्याच्या पाठीवर फार तर एक कापड टाकून ते बसत. अशा स्वारास आपला घोडा राजीखुशीने चालणारा असणे हे सोयीचे नव्हे, तर जीवनमरणाचे काम होते.

ह्या ग्रंथात घोडा विकत घेताना काय पारखावे, ते सांगताना झेनोफन दोन गोष्टी आवर्जून पाहावयास सांगतो. स्वार पाठीवर असताना घोडा इतर घोड्यांना सोडून एकटा जावयास तयार आहे का, ही पहिली. आणि इतर घोडे जवळपास उभे दिसले तर तो त्यांच्याकडे ओढ घेतो का, ही दुसरी. मग तो सांगतो की, काही घोडे फेरण्याच्या मैदानातून पळ काढून थेट तबेल्याची वाट धरतात, आणि ह्याचे कारण म्हणून तो घोड्याची जात, रंग, नक्षत्र ह्यांपैकी काहीच न देता वाईट शिकवणूक हे कारण देतो. हा निकाल चार शब्दांचा आहे, परंतु त्याने आरोपी बदलला. खोड जन्माची नव्हे, दिलेली आहे. आणि दिलेली असेल तर ती परत घेता येईल.

परत कशी घ्यावयाची, तेही त्याने दुसऱ्या एका ठिकाणी जाता जाता लिहून ठेविले आहे. स्वाराने घोड्यावरून उतरावयाचे ते इतर घोड्यांच्या घोळक्यात नव्हे, माणसांच्या गर्दीजवळ नव्हे आणि मैदानाबाहेर तर नव्हेच. जेथे घोड्यास राबावे लागले तेथेच त्यास विसावाही मिळाला पाहिजे, असा त्याचा नियम आहे. आम्ही हा भाग प्रथम वाचला तेव्हा त्यातले मर्म आमच्या ध्यानात आले नव्हते. शिष्टाचाराचा एखादा नियम असावा, असे समजून आम्ही पुढे गेलो. मर्म असे आहे. घोड्याच्या जगाचा नकाशा दोनच रंगांत रंगविलेला असतो, सुखाचा एक आणि जाचाचा दुसरा. तंग सैल होणे, पाणी, चंदी, सोबती, सावली, हे सारे जर ठाणावरच मिळत असेल, आणि चाबूक, टाच, ऊन व एकटेपणा हे सारे दाराबाहेर असेल, तर बाहेर पडण्यास नाखूश असणारा घोडा अडेल नसून शहाणा म्हणावा लागेल. त्याचा नकाशा बदलावयाचा असेल, तर बाहेरच्या मुलखात सुखाची काही ठाणी नेऊन वसविली पाहिजेत. झेनोफन घोड्यावरून मैदानातच उतरतो, तो ह्याकरिता.

झेनोफन संत होता असे मात्र कोणी समजू नये. गुळगुळीत लगाम आणि टोचणारा खडबडीत लगाम असे दोन्ही लगाम बाळगावेत, असे तोच सांगतो. परंतु रागाच्या भरात घोड्याच्या वाटेस कधी जाऊ नये, आणि घोडा एखाद्या वस्तूस बुजला असता त्यास मारू नये, ह्याविषयी तो निःसंदिग्ध आहे. मारामुळे घोड्याची अशी समजूत होते की, हे दुःखही त्या भयंकर वस्तूपासूनच आले. त्या वस्तूजवळ त्यास हळूहळू न्यावे, स्वतः हात लावून दाखवावा, म्हणजे भय ओसरते. बुसिफालसचे तोंड सूर्याकडे वळवून, त्याची स्वतःच्या सावलीची भीती घालविणाऱ्या बाल अलेक्झांडरची जी कथा प्लुटार्काने दिली आहे, ती खरी असो वा रचलेली असो, त्याच दिशेचे बोट दाखविते.

आपल्याकडे ह्या काळात आणि पुढे घोड्यांविषयी कमी लिहिले गेले असे नाही. शालिहोत्राच्या नावावर अश्वविद्येची मोठी परंपरा आहे, आणि घोड्याच्या वैद्यास सालोत्री म्हणतात तो शब्द त्या ऋषीच्याच नावावरून आला. नकुलाच्या नावाचे अश्वशास्त्र आहे, जयदत्ताचे अश्ववैद्यक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे प्रकरण असून त्यात अश्वशाळेच्या आसपास वानर, मोर, मुंगूस, चकोर, पोपट व मैना ठेवावयास सांगितल्या आहेत. इतक्या करमणुकीच्या शाळेतून कोणता घोडा खुशीने बाहेर पडेल, असा एक चावट प्रश्न आमच्या मनात येऊन गेला, तो वाचकांपासून कशाला लपवावा? परंतु ह्या परंपरेत पुढे पुढे औषध आणि लक्षणे ह्यांवर भर फार वाढला. रंग, भोवरे, देवमण, शुभ-अशुभ चिन्हे ह्यांची बारीक छाननी झाली. मराठीत 'खोड' हा शब्द अंगातील व्यंगासही चालतो आणि स्वभावातील वाईट सवयीसही चालतो, हे आम्हांस सूचक वाटते. दोष एकदा कातडीवर लिहिलेला सापडला, की शिकविणाऱ्याकडे कोण बोट दाखविणार?

तथापि ग्रंथांत नसलेले पुष्कळसे ज्ञान चाबूकस्वारांच्या हातांत होते, हे कबूल केले पाहिजे. घोडा फेरणे, त्यास काव्यावर धरणे, हे शब्दच त्याची साक्ष देतात. कावा म्हणजे मुळात घोड्यास वर्तुळात फिरविणे. आज आपण तो शब्द केवळ कपटाच्या अर्थी वापरतो, ह्यावरून घोडा आपल्या आयुष्यातून किती दूर गेला ते कळते. मराठी फौजेत एक गोष्ट आणखी होती. मोहिमेवरील घोड्यास पक्का तबेला नसे. आज ह्या माळावर, उद्या त्या नदीकाठी, मेखा ठोकून आगाडी-पिछाडी बांधली की तेच ठाण. ज्याचे घर रोज हलते त्यास घराची ओढ लागावी कशी? अशा घोड्यास ओढ लागेल ती सोबत्यांची, जागेची नव्हे, असे आमचे अनुमान आहे. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असे, आणि घोडा गेला की त्याची शिलेदारीच गेली. तेव्हा अडणाऱ्या घोड्याशी शहाणपणाने वागण्यात त्याचा स्वार्थही होता. पण त्याच फौजेत काटेरी लगामही होता, हे विसरून चालणार नाही.

आता युरोपात परत जाऊ, कारण झेनोफनने उघडलेला दरवाजा तेथे किती जोराने लावला गेला, ते पाहण्यासारखे आहे. इ. स. १५५० मध्ये नेपल्स येथील फेदेरिको ग्रिझोने ह्या सरदाराने अश्वारोहणावर एक ग्रंथ छापला. तो इतका गाजला की, अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली, आणि दहा-बारा वर्षांत टॉमस ब्लंडव्हिल ह्याने इंग्रजांसाठीही त्याचे रूपांतर केले. ग्रंथाचा आरंभ घोड्याचा रंग आणि त्यावरून ठरणारी त्याची प्रकृती ह्या विषयाने होतो. आमच्या भोवऱ्यांचा हा इटालियन भाऊच. आणि मग अडणाऱ्या घोड्यावरील उपाय येतात. लांब काठीच्या टोकास एक खवळलेले मांजर पोट वर करून बांधावे, आणि एका माणसाने मागे उभे राहून ते घोड्याच्या पायांत खुपसावे. शेपटीखाली साळूसारखा काटेरी प्राणी बांधावा. मागे पेटलेला पेंढा धरावा. भोवती माणसे उभी करून त्यांजकडून दगड आणि काठ्या मारवाव्यात. स्वाराने भयंकर आवाजात घोड्यास विश्वासघातकी, बदमाश म्हणून ओरडावे, हाही उपचार आहे. ओरडण्याच्या ह्या उपचाराने आम्हांस जास्त विचारात पाडले. मांजर आणि पेंढा हा नुसता क्रूरपणा झाला; परंतु घोड्यास विश्वासघातकी म्हणणे म्हणजे त्याने आपल्याशी काही करार केला होता, आणि तो त्याने जाणूनबुजून मोडला, असे मानणे होय.

ग्रिझोनेवर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की, आज्ञा पाळल्याबरोबर घोड्यास कुरवाळावे, हेही तोच सांगतो, आणि झेनोफनच्या मतांची छाया त्याच्या ग्रंथावर पडली आहे, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. म्हणजे ज्ञान हरवले होते असे नाही. ते हाताशी असून पुरेनासे झाले होते. चिलखती स्वाराचे वजन, नेपल्सच्या सरदारांची घाई, आणि घोडा म्हणजे जिंकावयाचा शत्रू ही दरबारी कल्पना, ह्यांपुढे मैदानात उतरून तंग सैल करणाऱ्या ग्रीकाचे कोण ऐकणार? पेटलेल्या पेंढ्यापुढे घोडा हलतो, ह्यात शंका नाही. परंतु पुढे हललेल्या त्या घोड्याच्या नकाशात बाहेरची जागा कोणत्या रंगाने रंगली, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारीत नाही. दुसऱ्या दिवशी तो घोडा पेंढ्याच्या जागेच्या अलीकडेच अडतो. मग मालक म्हणतो, पाहा, जित्याची खोड!

ह्या चक्रातून बाहेर पडण्याचा मान प्रथम फ्रेंचांचा. आंत्वान द प्लुव्हिनेल ह्याने आपली विद्या नेपल्सलाच पिग्नातेल्लीजवळ मिळविली. १५९४ मध्ये पॅरिस येथे त्याने सरदारपुत्रांसाठी शाळा काढली, आणि पुढे बाल राजा तेरावा लुई ह्यास तो घोड्यावर बसावयास शिकवी. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथ राजा आणि गुरू ह्यांच्या संवादरूपाने आहे. त्यातील सार एवढेच की, मारण्यात कंजूष व कुरवाळण्यात उधळे व्हावे, आणि घोड्याच्या कामातील त्याची खुशी जपावी, कारण ती एकदा नासली की परत येणे कठीण. राजपुत्रास असा गुरू मिळाला ही त्या देशाच्या घोड्यांवर तरी कृपाच झाली. परंतु दरबारी मैदानातील हे शहाणपण गाडीवानाच्या रस्त्यावर उतरण्यास आणखी सव्वादोनशे वर्षे लागली.

ते उतरविले अमेरिकेतील ओहायो प्रांताच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने. जॉन सॉलोमन रेरी हा १८२७ मध्ये जन्मला, आणि इंग्लंडास आला तेव्हा तिशीचा होता. व्हिक्टोरिया राणीसमोर त्याने आपले कसब दाखविले. तथापि त्याची खरी परीक्षा झाली ती क्रूझर नावाच्या घोड्यावर. लॉर्ड डॉर्चेस्टरच्या मालकीचा हा शर्यतीचा वळू इतका मारका झाला होता की, त्यास दीर्घकाळ तबेल्यात कोंडून ठेविला होता आणि त्याच्या तोंडास लोखंडी मुसके चढविले होते. चारा-पाणी द्यावयास जाणे हेही जिवावरचे काम. ठाण न सोडणाऱ्या घोड्यांच्या इतिहासातील हा सर्वांत भीषण नमुना म्हटला पाहिजे, कारण येथे ठाणाचाच तुरुंग झाला होता. रेरीने सुमारे तीन तासांत त्यास हात लावू देण्यास, आणि पाठीवर बसू देण्यास कबूल केले. पुढे क्रूझर त्याच्याबरोबर गावोगाव हिंडला, अमेरिकेसही गेला, आणि १८६६ मध्ये रेरी वारल्यावरही नऊ वर्षे जगला.

रेरीची युक्ती अशी. घोड्याचा एक पुढचा पाय दुमडून पट्ट्याने बांधावयाचा, मग दुसरा. थकून घोडा हळूहळू आडवा होतो. आडवा झाला की त्यास इजा न करता सर्वांगावरून हात फिरवावयाचा, गोड बोलावयाचे. लोकांस हा चमत्कार वाटला. आजच्या अभ्यासकांस तितका वाटत नाही. १९६७ मध्ये सेलिगमन व मायर ह्यांनी कुत्र्यांवर जे प्रयोग केले, त्यांवरून सुटकेचा मार्ग नाही अशी खात्री झालेला प्राणी धडपडच सोडून देतो, हे दिसून आले. आडवा पडलेला घोडा शांत झाला की निराश झाला, हा प्रश्न तेव्हापासून रेरीच्या कीर्तीस चिकटला आहे. आम्हांस हा आक्षेप योग्य वाटतो. पण रेरीच्या लहानशा पुस्तकात अडणाऱ्या घोड्यांवर जे थोडे लिहिले आहे, ते पट्ट्यांच्या त्या युक्तीहून किती तरी मोलाचे आहे. अडणे म्हणजे काय, हे घोड्यास मुळी माहीतच नसते, माणूसच त्यास चुकीच्या वागणुकीने ते शिकवितो, असे त्याचे मत. गाडी ओढताना दोन घोडे एकदम जोर लावीत नाहीत, एक पुढे होतो तेव्हा दुसरा मागे राहतो, गाडी हलत नाही. गाडीवान चाबूक मारतो, घोडे गोंधळतात, आणि जोर लावूनही मारच मिळतो हे पाहून जोर लावणे सोडतात. अशा वेळी चाबूक खाली ठेवावा, भोवतालच्या लोकांस दूर करावे, घोड्यांच्या पुढे उभे राहून त्यांस शांत करावे, आणि मग हळूच थोडे बाजूस वळवून चालवावे, असे तो सांगतो. ओहायोच्या त्या मुलाने झेनोफन वाचला होता असे मानण्याचे कारण नाही. दोघांस एकच गुरू मिळाला होता, तो म्हणजे घोडा.

ह्यापुढचा इतिहास आम्ही थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतांशी प्रयोगशाळेतला आहे. बर्लिन येथे विल्हेल्म फॉन ओस्टेन नामक शिक्षकाचा हान्स हा घोडा टापा आपटून गणिताची उत्तरे देई. १९०४ मध्ये त्याच्या चौकशीस मंडळ बसले, आणि १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट ह्याने आपल्या ग्रंथात रहस्य उघड केले. हान्सला गणित येत नव्हते. बरोबर आकडा आला की प्रश्नकर्त्याच्या मानेची जी नकळत, इवलीशी हालचाल होई, ती तो टिपत असे. लोकांनी घोड्यास लबाड ठरविले. आमच्या मते ह्यापेक्षा मोठी स्तुती घोड्याची कोणी केली नसेल. मालकाच्या मानेतील ताठपणा ज्यास वाचता येतो, त्यास 'आज हा नाक्यावर अडणार' ही स्वाराच्या मनातील धास्ती वाचता येत नसेल काय? नाका येण्यापूर्वीच स्वाराच्या मुठी आवळतात, आणि घोडा समजतो की पुढे खरोखरच काही धोक्याचे आहे.

शिवाय घोडा हा कळपाचा प्राणी आहे, आणि पळण्यावर त्याचा जीव आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंस असलेल्या डोळ्यांनी तो जवळजवळ सभोवार पाहतो. आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज सुमारे ४२०० वर्षांपूर्वी व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या गवताळ मुलखातून पसरले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासावरून ठरले आहे. कळपापासून तुटलेला घोडा मेला, हा नियम त्याच्या रक्तात लाखो वर्षांचा. आणि एकट्याने टपालाची थैली घेऊन परगावी जावे, हा आमचा नियम अवघ्या चार हजार वर्षांचा.

आजचे जाणते शिक्षक अशा घोड्यास पुन्हा शिकवितात, तेव्हा प्रथम त्याची झडती घेतात. खोगीर पाठीस कापते का, दात बोचतात का, खूर दुखतो का, हे पाहतात. पोटात व्रण असलेले घोडे पुष्कळ असतात, हेही गेल्या काही दशकांत नळीने आत पाहता येऊ लागल्यापासून कळले आहे. दुखण्यामुळे अडणाऱ्या घोड्यास शिस्त लावणे म्हणजे ताप आलेल्या मुलास पाढे म्हणावयास लावणे. दुखणे नाही अशी खात्री झाली, म्हणजे तो नेमका कोठे अडतो ते हेरावयाचे. समजा, पन्नास पावलांवर अडतो. तर त्यास हाती धरून चाळीस पावलेच न्यावयाचा, तेथे उभा करावयाचा, मान खाली घालून त्याने निःश्वास टाकीपर्यंत थांबावयाचे, आणि त्याच्या मनात परत फिरण्याचे येण्याआधी आपणच फिरावयाचे. उद्या पंचेचाळीस. ह्यात मोठे कसब आहे ते वेळेचे. पुढे चालण्याची खूण केली आणि घोड्याने एक पाऊल टाकले, की त्याच क्षणी खूण थांबली पाहिजे. ती थांबणे हेच त्याचे बक्षीस. उलट नाक्यावर अर्धा तास झटापट करून शेवटी स्वार उतरला, तर त्या दिवशी घोडा एवढेच शिकला की, अर्धा तास अडावे लागते.

मग बाहेर चंदीचा तोबरा द्यावयाचा, तंग सैल करावयाचा. तबेल्याच्या अंगणात मात्र थोडे काम असावे. परत आल्याबरोबर खोगीर उतरवून पुढ्यात दाणा ओतण्याची घाई नसावी. घराकडे परतताना दौड कधीच नाही, चालच. एखादा शांत घोडा सोबतीस घेऊन निघावयाचे आणि पुढे पुढे ती सोबत विरळ करावयाची. सारे मिळून आठवडे लागतात, कधी महिने. काही शिक्षक तबेल्याजवळ इतके काम घेतात की, घोड्यास तबेलाच नकोसा व्हावा. हा अतिरेक आम्हांस पसंत नाही. घर नासवून बाहेरची गोडी लावणे म्हणजे ग्रिझोनेचा पेंढा दाराच्या आतल्या बाजूस पेटविणे होय.

येथे एक कबुली द्यावयाची आहे. अध्यापनास लागलो त्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी, खेड्यातून आलेला एक मुलगा वर्गात उभा राहून वाचावयास तयार होईना. आम्ही तीनदा सांगितले, तो खाली मान घालून बसून राहिला. तेव्हा भर वर्गात आम्ही त्यास 'अडेलतट्टू' म्हटले, आणि वर्ग हसला. तो मुलगा त्यानंतर आमच्या तासास आला नाही, आणि दिवाळीनंतर कॉलेजातच आला नाही. तो बोलताना अडखळत असे, आणि घरच्यांखेरीज कोणाशी फारसे बोलत नसे, हे त्याच्या खोलीतल्या मित्राकडून आम्हांस उन्हाळ्यात कळले. झेनोफनचा ग्रंथ तेव्हा आमच्या कपाटात होता.

मात्र त्या ग्रंथातील उतरण्याचा नियम आम्हांस समजला तो ग्रंथातून नव्हे. लहानपणी आम्ही ज्या तालुक्याच्या गावी राहत होतो, तेथे स्टेशनावर टांगे असत. वडील शाळेत मास्तर. सुटीत आजोळी निघालो की एका ठराविक म्हाताऱ्याचा टांगा ठरलेला. त्याने नुकतीच घेतलेली घोडी अड्ड्यावरून हलत नसे. इतर टांगेवाले हसत, चाबूक पुढे करीत. म्हातारा खाली उतरे, तिच्या गळ्याशी हात ठेवून चार पावले बरोबर चाले, थांबे, पुन्हा चाले. आम्हां मुलांस गाडी चुकण्याची धास्ती. नाक्यापलीकडे वडाखाली आला की तो खिशातून गुळाचा खडा काढून तिला चारी, तंग एक घर सैल करी आणि बिडी ओढीपर्यंत स्वस्थ उभा राही. वडिलांनी एकदा विचारले, "अहो, गूळ इथं कशाला? घरी गेल्यावर द्या की." तो म्हणाला, "घरी दिला तर ती घराचीच व्हईल, मास्तर. हितं दिला म्हंजी तिला हितं यावंसं वाटतंय."

पुढच्या सुटीत आम्ही त्या टांग्यात बसलो, तेव्हा म्हातारा जागेवरून उतरला नाही. त्याने नुसता लगाम हलविला, आणि घोडी वडाच्या दिशेने चालू लागली.